मुदतीचा संन्यास

टोरांटोच्या उत्तर भागात, कमर अव्हेन्यूवर, एका पुनर्वसन रुग्णालयाला लागून धर्मभगिनींचा एक मठ आहे. नाव ‘सिस्टरहुड ऑफ सेंट जॉन द डिव्हाइन’. पंथ अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या गोतावळ्यातला. २०१६ साली या मठाने तरुण मुलींना आवतण दिलं : या, वर्षभर आमच्यात राहा, आमच्याबरोबर प्रार्थनेला बसा, घरकामाला हात लावा, पाहुण्यांची उठबस करा, आणि वर्ष सरलं की आपापल्या वाटेने जा. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही जन्माची व्रतं भगिनींची. मुलींनी ती घ्यायची नाहीत, फक्त त्यांच्या तालावर राहायचं.

आदल्याच वर्षी लंडनमध्ये असाच घाट घातला गेला होता. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी थेम्सकाठच्या आपल्या अधिकृत निवासस्थानी, लॅम्बेथ पॅलेसमध्ये, ‘कम्युनिटी ऑफ सेंट अन्सेल्म’ सुरू केली. वीस ते पस्तीस वयाची मुलंमुली, काही तिथेच राहणारी, काही लंडनमधली नोकरी सांभाळून येऊन-जाऊन असणारी. पण माझं मन रेंगाळतं ते टोरांटोच्या बायकांच्या मठात. त्याचा धागा थेट पुण्याच्या गुरुवार पेठेपर्यंत येतो.

आधी भाचीचं सांगते. ती हिंजवडीत नोकरी करते. यातलं काहीतरी वाचून तिने फोन केला, “मावशी, असं वर्षभर कुठेतरी जाऊन राहिलं तर? फोन नाही, मीटिंगा नाहीत.” मी म्हटलं, “अगं, फोन बंद करायला मठ कशाला हवा? बटण आहे की त्याला.” ती हसली, पण तिची आई हसली नाही. ताईचं म्हणणं एकच : वर्ष वाया जाईल. आता हे बोलणारी ताई सदाशिव पेठेपासून चार पावलांवर राहते. तिच्या गल्लीतल्या अभ्यासिकांमध्ये गावोगावच्या मुली स्पर्धा परीक्षांसाठी पाच-पाच वर्षं काढतात. पहाटे उठायचं, मेसचं जेवण, कॉटबेसिसची खोली, दिवसभर तोंडातून शब्द नाही, सणाला घरी जाणं नाही, आणि शेवटी निकालाच्या यादीत नाव नाही. ते तप आपल्याला चालतं, कारण पलीकडे पोस्ट असते. ज्याच्या पलीकडे काहीच ठेवलेलं नाही असं एक वर्ष मुलीने मागितलं की आपल्या पोटात गोळा येतो.

भाचीचीही एक समजूत काढून टाकावी लागली. मठ म्हणजे निवांतपणा, हे ज्याने कोणी पसरवलं त्याने मठात आठवडाही काढलेला नसावा. टोरांटोत दिवसातून चारदा प्रार्थना : सकाळची, मग प्रभुभोजनाची उपासना, संध्याकाळची, आणि झोपण्यापूर्वीची शेवटची. ती झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत मौन. मधल्या वेळात काम. प्रार्थनेची वेळ झाली की हातातलं काम अर्धं टाकून उठायचं, मग ईमेल अर्धवट असो की कांदा अर्धा चिरलेला. ‘एवढं संपवते नि येते’ हे आपलं रोजचं पालुपद तिथे चालत नाही, आणि मला वाटतं खरा वर्षभराचा अभ्यास हाच असावा.

पश्चिमेकडच्या मठांचा बराचसा गाडा सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावर चालत आला आहे. त्र्याहत्तर छोटी प्रकरणं. मी ती वाचायला घेतली तेव्हा ध्यानधारणेबद्दल काहीतरी उदात्त मिळेल अशी अपेक्षा होती. निघाली घर चालवण्याची वही. पस्तिसावं प्रकरण स्वयंपाकघराच्या पाळीचं : प्रत्येकाने आठवड्याच्या पाळीने रांधायचं नि वाढायचं. शनिवारी पाळी संपली की साफसफाई करायची, हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, आणि ज्याची पाळी संपली नि ज्याची सुरू होणार त्या दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडीकुंडी स्वच्छ, शाबूत, कोठी सांभाळणाऱ्याच्या ताब्यात द्यायची. त्याने ती पुढच्याच्या हवाली करायची, म्हणजे काय दिलं नि काय परत आलं याचा हिशेब राहतो. पुढच्या एका प्रकरणात, जेवताना एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, काही हवं असेल तर खूण करून मागायचं. पाय धुण्यातली नम्रता आणि पातेल्यांची मोजदाद एकाच प्रकरणात, एकाच दमात. ज्याने हे लिहिलं त्याला एकत्र कुटुंबात भांडणं कशावरून होतात हे पक्कं ठाऊक होतं.

त्याच नियमात, अठ्ठावन्नाव्या प्रकरणात, नव्या माणसाला कसं घ्यायचं ते आहे. दारात आलेल्याला लगेच आत घ्यायचं नाही, चार-पाच दिवस ताटकळत ठेवायचं. मग वर्षभराची उमेदवारी, मधे मधे नियम वाचून दाखवायचा, झेपत नसेल तर जायला मोकळीक. आणि शेवटी, व्रत घेताना त्याने अंगावरून उतरवलेले कपडे टाकून द्यायचे नाहीत. ते कपड्यांच्या खोलीत जपून ठेवायचे. न जाणो, कधी त्याने मठ सोडायचं ठरवलं, तर जाताना लागतील. जन्मभराचं वचन घेणाऱ्या घराने परतीचे कपडेही सांभाळून ठेवायचे, हा मला त्या पुस्तकातला सगळ्यात शहाणा भाग वाटला. आपल्याकडे मुलीला दिल्या घरी सुखी राहा म्हणताना तिचे जुने कपडे कोणी जपून ठेवत नाही.

म्हणूनच मुदतीचं हे वर्ष मला परंपरेला सोडून वाटत नाही. मुदत ठाऊक असली की माणूस मोकळ्या मनाने वाकतो. इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला माणसं जातात, आंबेडकरी बौद्ध समाजात श्रामणेर शिबिरात दहा-पंधरा दिवस चीवर अंगावर येतं, ते याच भरवशावर. पण दहा दिवसांत शेजारणीचा स्वभाव कळत नाही. वर्षभरात तिच्या घोरण्यापासून ताटात टाकण्यापर्यंत सगळं कळतं, आणि तरी दुसऱ्या सकाळी तिच्याच बाजूला उभं राहून स्तोत्र म्हणायचं असतं.

भगिनींचा यात काही स्वार्थ आहे का? असणारच, आणि तो लपवण्यासारखाही नाही. मठ म्हातारे होत चालले आहेत. ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावातला सेंट मेरी द व्हर्जिनचा मठ १८४८ चा, एके काळचा मोठा नावाजलेला. २०१३ च्या पहिल्या दिवशी तिथल्या ११ भगिनी रोमन कॅथलिक पंथात गेल्या आणि मागे मूठभर वृद्धा उरल्या. अशा घराला तरुण पावलांचा आवाज हवाहवासा वाटला तर नवल नाही. त्यातून एखादी कायमची राहिली तर उत्तमच, असं कुणाच्या मनात येत नसेल यावर माझा विश्वास नाही.

तसं पाहिलं तर अँग्लिकन नन ही गोष्टच उशिराची. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये इंग्लंडातले मठ मोडून टाकले. त्यानंतर तीनशे वर्षं तिकडे नन नाही. १८४१ मध्ये मॅरियन ह्यूजेस या तरुणीने ऑक्सफर्डमध्ये व्रत घेतलं आणि बंद पडलेलं खातं पुन्हा उघडलं. पुढे चाळीसेक वर्षांनी हॅना ग्रियर कूम नावाची विधवा वाँटेजच्या भगिनींत जायला निघाली होती. वाटेत टोरांटोत थांबली, तिथल्या मंडळींनी गळ घातली की तिकडे कशाला, इथेच काढ. न्यूयॉर्क राज्यात पीकस्किलच्या मठात तिने उमेदवारी केली आणि १८८४ मध्ये टोरांटोचा हा मठ सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी, कॅनडाच्या वायव्येत बंड पेटलं तेव्हा, तिच्या भगिनी मूस जॉ इथे जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होत्या.

आणि हॅना वाँटेजला पोहोचली नाही त्याच सुमारास आपली एक विधवा तिथे पोहोचली होती. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांचं वय पंचवीस, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. डॉक्टर व्हायचं होतं, कमी ऐकू येत असल्यामुळे ते राहून गेलं. वाँटेजच्या भगिनी पुण्यात १८७७ पासून होत्या, गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये. हो, तेच पंचहौद, जिथे १८९० मध्ये मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहाने टिळक-रानड्यांना ग्रामण्याच्या, म्हणजे वाळीत टाकण्याच्या वादाच्या, फेऱ्यात अडकवलं. ओळख पुण्यातली, म्हणून मुक्काम वाँटेजला. रमाबाई तिथे फुकट राहिल्या नाहीत, पुण्याला जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवली. सप्टेंबरात लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

तो काळ सरळ गेला नाही. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आत्महत्या केली. रमाबाईंची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन, पुण्यात काम करून परतलेली. तिला वाटे, आता ही आमची लेक, आमच्या सांगण्यात राहील. लेक कसली राहते! मांसाहार करणार नाही म्हणाल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं विचारलं. त्रैक्याच्या सिद्धान्तावर पत्रांमागून पत्रं. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नाक मुरडलं. रमाबाईंनी एका पत्रात साफ कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही.

म्हणजे प्रार्थना घेतली, आज्ञापालन घेतलं नाही. मला विचाराल तर वर्षभराच्या पाहुणीने असंच असावं. रमाबाईंना वाकवता आलं नाही याचं भगिनींना दुःख झालं, पण त्यांच्याकडचं जे खरंच घेण्यासारखं होतं ते रमाबाईंनी बरोबर हेरलं. लंडनला फुलहॅममध्ये या भगिनी ‘पतित’ म्हणून हाकललेल्या बायकांसाठी आश्रयगृह चालवत. अशा बायकांशी कोणी मायेने वागतं हे रमाबाईंनी तिथे पाहिलं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधलं, अशाच बायकांसाठीचं कृपासदन त्याच आठवणीतून उभं राहिलं.

सिस्टर जेराल्डिनचं मात्र मला कौतुक वाटतं. आपल्याला उलट उत्तरं देणाऱ्या या पोरीची पत्रं तिने फाडली नाहीत. स्वतःची, बिशपांची, चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्य मिस बील यांची, सगळी पत्रं तिने नीट लावून ठेवली, रागाने अधूनमधून आपले शेरेही मारले. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहांच्या संपादनाखाली ती छापली. रमाबाई त्या घरात कुणाशी, कशावरून आणि किती कडाक्याने भांडल्या, हे आज आपल्याला पानोपानी वाचता येतं ते त्यांच्यावर रुसलेल्या या सिस्टरमुळे.