नुसते नाव नको, शिक्षण द्या : फॉरेन्सिक सायकॉलॉजीच्या पदवी विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू
मा. अध्यक्ष, मानसशास्त्र अभ्यास मंडळ
प्रत माहितीसाठी : उच्च व तंत्रशिक्षण विभाग, गृह विभाग, महिला व बालविकास विभाग

विषय : पदवी स्तरावर शिकवल्या जाणाऱ्या न्यायसहायक मानसशास्त्राबाबत विद्यार्थी संघटनेच्या मागण्या

महोदय / महोदया,

आम्ही मानसशास्त्र मेजर घेतलेले आणि त्यात फॉरेन्सिक सायकॉलॉजीचे पेपर देणारे पदवीचे विद्यार्थी. आमच्यातल्या बऱ्याच जणांना या विषयाची गोडी वेबसिरीजमुळे लागली, हे आधीच कबूल करतो. तक्रार अशी की सहा सत्रे संपली तरी आमची मजल वेबसिरीजच्या फार पुढे जात नाही. परदेशातल्या मालिका-खुन्यांची कुंडली आम्हाला तोंडपाठ असते. पण आपल्या जिल्ह्यातल्या बाल न्याय मंडळापुढे मानसशास्त्रज्ञ नेमके काय करतो, हे विचारले की आम्ही एकमेकांकडे पाहतो.

कायदा मात्र या विषयाला जागोजागी हाक मारतो आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 15 प्रमाणे त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे आणि परिणामांच्या जाणिवेचे प्राथमिक मूल्यमापन करावे लागते. मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 13 जुलै 2022 रोजी बरुणचंद्र ठाकूर प्रकरणात सांगितले. त्याच वर्षी मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात, फाशीचा विचार करण्यापूर्वी आरोपीचे मनोवैज्ञानिक मूल्यमापन न्यायालयापुढे यावे, असे निर्देश दिले गेले. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यातही मुलाचा जबाब घेताना तज्ज्ञाच्या साहाय्याची तरतूद आहे. ही माणसे कुठून येणार? त्यांची पहिली इयत्ता आमच्या वर्गात भरते. म्हणून या मागण्या.

मागणी 1 : माहितीपुस्तिकेत खरे लिहा.
केवळ पदवीवर कोणी ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ होत नाही. त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण आहे, अनुभव आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी आहे. प्रवेशाच्या वेळी ‘गुन्हे अन्वेषणात करिअर’ असे फलक लावून हे सांगायचे राहून जाते. पदवीनंतरच्या वाटा, लागणारी वर्षे आणि पदवीवर कोणती कामे करता येत नाहीत, हे एका पानावर मराठीत छापावे.

मागणी 2 : अभ्यासक्रमाचा निम्मा भाग इथल्या कायद्यावर आणि इथल्या खटल्यांवर असावा.
मनोविकलतेचा बचाव शिकताना आम्ही 1843 च्या मॅकनॉटन प्रकरणापाशी थांबतो. त्या प्रकरणातून आलेला नियम भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मध्ये आला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे, हे आम्हाला विधी शाखेच्या मित्रांकडून कळते. 1968 मध्ये मुंबईत पकडलेल्या मालिका-खुनी रामन राघवची फाशी मनोविकारामुळे जन्मठेपेत बदलली आणि तो येरवड्याच्या कारागृहात राहिला. आजार आणि जबाबदारी यांचे नाते समजावून सांगायला याहून जवळचे उदाहरण कोणते?

2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेतला आणि जगभर चर्चा झाली. दोन वर्षांनी, 5 मे 2010 रोजी, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही, असे ठरवले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) मधला हक्क त्यामागे होता. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून शिकवली, तर यंत्राचा दावा आणि विज्ञानाचा पुरावा यांतले अंतर पहिल्याच वर्षी कळेल.

मागणी 3 : साक्षीची भाषा मराठीत शिकवा.
एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 चा प्रयोग आम्हाला परीक्षेला हमखास येतो. मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून प्रश्नातले क्रियापद तेवढे बदलले. आठवड्याने ‘फुटलेली काच पाहिलीत का’ असे विचारले, तेव्हा जोरकस क्रियापद ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी होकार दिला. सौम्य क्रियापद ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. फिल्ममध्ये फुटकी काच नव्हतीच.

हा प्रयोग मराठीत करायला आम्ही काही जण बसलो आणि पहिल्याच प्रश्नावर अडलो. गाडी लागली, घासली, आदळली, धडकली की ठोकली? हा फरक नुसत्या जोराचा नाही. ‘लागली’ म्हटले की कोणाचा दोष दिसत नाही. ‘ठोकली’ म्हटले की ठोकणारा आलाच. साक्षीदार म्हणतो, ‘धक्का लागला.’ जबाबाच्या कागदावर त्याचे ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून जोरदार धडक दिली’ होऊ शकते. मग काही वर्षांनंतर त्याला आठवते ते रस्त्यावरचे की कागदावरचे? तालुका न्यायालयांत साक्षी मराठीत होतात. तिथे काम करू पाहणाऱ्याला हे इंग्रजी क्रियापदांवरून उमजणार नाही. मराठी परिभाषा, मराठीत मुलाखत घेण्याचा सराव आणि एक मराठी प्रकल्प सक्तीचा करावा.

मागणी 4 : ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) विषयाशी जोडा.
आमच्यातल्या एकीने ओजेटीचे सगळे तास एका कार्यालयात एक्सेलच्या रकाने भरण्यात घालवले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, परिविक्षा अधिकारी, कारागृहे आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये यांच्याशी विद्यापीठाने करार करावेत. रुग्ण किंवा बंदी यांच्याशी आम्हाला एकटे बोलू द्या, असे आमचे म्हणणे नाही, आणि तसे देऊही नये. खुल्या न्यायालयात बसणे, पर्यवेक्षकाच्या शेजारी राहून पाहणे आणि नोंदी लिहिणे एवढे पुरे आहे. बालकांची व पॉक्सोची प्रकरणे यातून वगळावीत; तिथे गोपनीयता आमच्या शिक्षणापेक्षा मोठी.

मागणी 5 : शिक्षक कायमचे हवेत.
तासिका तत्त्वावरचे शिक्षक जीव तोडून शिकवतात, पण पुढच्या वर्षी ते असतीलच असे नाही. दर वर्षी नव्याने येणाऱ्या शिक्षकाला कारागृहाशी करार टिकवता येत नाही. रिक्त पदे भरावीत. दर सत्रात वकील, निवृत्त न्यायाधीश आणि मनोविकारतज्ज्ञ यांची मानधनासह व्याख्याने ठेवावीत.

मागणी 6 : खेळ थांबवा, काळजी घ्या.
महाविद्यालयाच्या फेस्टमध्ये ‘लाय डिटेक्टर’चा स्टॉल लावून मित्रांना खोटे ठरवण्याची गंमत बंद व्हावी. विद्यार्थ्यांवर होणाऱ्या प्रत्येक चाचणीला लेखी संमती घ्यावी आणि ती नाकारल्यास गुण कापू नयेत. अत्याचाराची प्रकरणे शिकवण्याआधी पूर्वसूचना द्यावी आणि समुपदेशक उपलब्ध असावा. बाकावर बसलेल्यांत कोणी त्यातून गेलेले असू शकते.

पहिल्या मागणीला एका पानाच्या छपाईपलीकडे खर्च नाही. दुसरी आणि तिसरी अभ्यास मंडळाच्या बैठकीत सुरू होऊ शकतात. चौथी आणि पाचवी यांना निधी व शासनाची मंजुरी लागेल, त्यासाठी एक शैक्षणिक वर्ष थांबायची आमची तयारी आहे. सहावी उद्यापासून पाळता येईल.

आमच्याकडून आम्ही मराठी परिभाषेची पहिली यादी आणि निवडक निकालांचे सोप्या मराठीतले सारांश तयार करून अभ्यास मंडळाकडे तपासायला देऊ. नवे प्रवेश सुरू होण्याआधी पहिल्या मागणीवर लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. त्या माहितीपुस्तिकेवर भरवसा ठेवून बारावीची मुले प्रवेश घेणार आहेत.

आपले विश्वासू,
पदवी विद्यार्थी संघटनेच्या वतीने कार्यकारिणी