मनोरुग्ण कैदी बरा झाला, हे कोर्टाला सांगणार कोण?

१९५१ मध्ये आसाममधल्या एका तरुणाला गंभीर दुखापत केल्याच्या आरोपाखाली अटक झाली. मानसिक आजारी ठरवून त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचा निर्वाळा दिला. मग सुटका? नाही, रवानगी गुवाहाटीच्या तुरुंगात. खटला चाललाच नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातल्यावर २००५ मध्ये तो सुटला, १ रुपयाच्या जातमुचलक्यावर. तोवर सत्तरी उलटली होती.

हॉस्पिटलच्या हिशेबाने ही केस १९६७ मध्येच यशस्वी! म्हणूनच अशा कैद्यांवरचे उपचार नुसते 'बरा झाला का' यावर मोजून भागत नाही. आरोपी बरा झाल्यावर थांबलेला खटला पुन्हा सुरू करायची तरतूद जुन्या सीआरपीसीत होती, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पण त्यासाठी तो बरा झाल्याचं कोर्टापर्यंत पोहोचायला हवं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०३ काय सांगतं? तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी पुनर्विलोकन मंडळाला अहवाल द्यायचा. त्यात लिहायचं काय, तर तुरुंगात एकही मानसिक रुग्ण नाही! असेल तर त्याला इथे का ठेवलं, असं मंडळ विचारू शकतं. हेतू चांगलाच आहे, पण 'कुणी नाही' लिहून मोकळं होणं यात फार सोपं आहे. त्यापेक्षा दोन तारखा मागवाव्यात: डॉक्टरांनी फिट ठरवल्याची आणि त्यानंतर कोर्टात उभं केल्याची. आसामच्या त्या माणसाच्या बाबतीत फिट ठरणं आणि सुटका यांत ३८ वर्षं गेली.