पॅड नवे, खडखड जुनीच

“मिस्त्री, मागच्याच महिन्यात पॅड टाकले, तरी पुढून खडखड येतेच की.” नांदेड असो वा लातूर, जुनी गाडी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाची ही तक्रार आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीची आहे. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते. पॅड हलक्या कंपनीचे निघाले म्हणायचे आणि दुसरा सेट टाकायचा. आवाज आठ दिवस थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: ही खडखड बहुतेक वेळा पॅडच्या मसाल्यात नसते. पॅडला जागेवर धरून ठेवणाऱ्या ज्या वस्तू आपण फेकून देतो किंवा पकडीने वाकवून पुन्हा बसवतो, त्यांच्यात ती असते.

हा विषय आत्ताच घेण्याला कारण आहे. आपल्या भागात जुन्या गाड्यांचा राबता मोठा आहे. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी ती शिवारापासून मोंढ्यापर्यंत अजून धावते. इंडिका, सँट्रो, जुन्या अल्टो आणि वॅगनआर तर आहेतच. खासगी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली की तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. म्हणजे या गाड्या कायद्याने रस्त्यावर राहणार आणि त्यांचे ब्रेक आपल्याच हातून जाणार.

आवाज येतो कसा, ते आधी पाहू. पेडल सोडले की कॅलिपरमधले चौकोनी काटछेदाचे रबरी सील पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड डिस्कपासून मोकळा होतो. तो मोकळा व्हायलाच हवा, नाहीतर चाक जाम राहील. पण मोकळा झालेला पॅड ब्रॅकेटमध्ये हलू नये म्हणून त्याच्या दोन्ही कानांशी स्टीलच्या क्लिपा असतात, काही गाड्यांत वरून स्प्रिंगही असते. वर्षानुवर्षे तापून, गंजून या क्लिपांचा ताण जातो. मग प्रत्येक खड्ड्याला पॅड ब्रॅकेटवर आपटतो. पेडलला पाय लागताच पॅड डिस्कला चिकटतो आणि आवाज बंद होतो. निदानाची किल्ली इथेच आहे.

म्हणून गाडी जॅकवर घेण्याआधी ट्रायल घ्या, आणि ती गुळगुळीत हायवेवर नको. तुळजापूर-लातूर-नांदेड महामार्गावर गप्प असलेली गाडी खडीच्या रस्त्यावर बोलू लागते. काच खाली करा, वेग पंधरा-वीसचा ठेवा आणि आवाज सुरू असताना पेडलला नुसता पाय टेकवा. पाय टेकवताच खडखड थांबली तर पॅड किंवा कॅलिपर ढिला आहे. न थांबल्यास लिंक रॉड, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, स्ट्रटचे माउंटिंग आणि डिस्कमागचा पत्रा तपासा. पेडल जोरात मात्र दाबू नका. गाडी पुढे झुकली की सस्पेन्शनवर भार येतो, त्याचाही आवाज बदलतो आणि निदान चुकते.

सगळे आवाज एका रांगेत बसवू नयेत. ब्रेक मारताना कर्कश किंचाळी येत असेल तर ती पॅड आणि डिस्कच्या कंपनाची असते, किंवा पॅड संपत आल्याची सूचना देणारी पत्ती डिस्कला लागत असते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर ऐकू आली तर गाडी तिथेच थांबवा. मागे घेऊन पुढे निघताना पहिल्या ब्रेकला ‘टक्’ झाले, तर पॅड ब्रॅकेटमध्ये सरकतो आहे.

चाक काढले की आधी हात लावून पाहा. पॅड वर-खाली किती हलतो? कॅलिपर डुलतो का? मग पॅड बाहेर काढून दोन्ही शेजारी ठेवा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला असेल तर पिना अडकल्या आहेत किंवा पिस्टन परत येत नाही. पॅड तिरका झिजला असेल तर कॅलिपर सरळ सरकत नाही. पिनेचे रबरी बूट फाटले असेल तर आत पाणी-माती गेलीच समजा. आपल्याकडे हे फार घडते. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावरची काळी माती चाकाच्या आत जाऊन बसते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. क्लिपेखाली गंज साचला तर तिथे पॅड आवळला जातो. आवळलेला पॅड मोकळा करायला कोणी त्याचे कान घासून लहान करतो, आणि मग तोच पॅड खडखडतो.

आता जे बंद व्हायला हवे त्याबद्दल. डब्याचा पत्रा कापून केलेली शिम, पकडीने वाकवलेली क्लिप, पिनेला लावलेले बेअरिंगचे ग्रीस, पेट्रोलने धुतलेले कॅलिपरचे रबर, होजवर लोंबकळत ठेवलेला कॅलिपर. साध्या ग्रीसने आणि पेट्रोलने ब्रेकचे रबर फुगते, पिना अडकतात. आवाज बंद झाल्यासारखा वाटतो, पण ब्रेक एका बाजूला ओढू लागतो.

योग्य काम फार महाग नाही, त्याला वेळ मात्र लागतो. ब्रॅकेटच्या खाचा तारेच्या ब्रशने घासून मूळ लोखंडापर्यंत साफ करा. क्लिपा, शिम आणि बूट नवे घाला. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. काही कॅलिपरमध्ये दोन पिना वेगळ्या असतात, एकीवर रबरी बुश असते. काढतानाच खूण करा, त्यांची अदलाबदल झाली की आवाज हमखास येतो. नव्या क्लिपा घालूनही पॅड हलत असेल तर ब्रॅकेटच झिजला आहे. तो बदलावा, वेल्डिंगने भरू नये. डिस्कवर कोरलेली किमान जाडी मोजून पाहा. पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदला. बोल्ट त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच कसा. पिस्टन मागे दाबलेला असल्याने गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा, आणि मग त्याच खडीच्या रस्त्यावर पुन्हा ट्रायल घ्या. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर विनाकारण जोराचा ब्रेक टाळायला गिऱ्हाइकाला सांगा.

“क्लिपा मिळत नाहीत,” असे अनेक मिस्त्री सांगतात आणि त्यात तथ्य आहे. मागणी नाही म्हणून दुकानदार माल ठेवत नाही, माल नाही म्हणून मिस्त्री जुन्याच क्लिपा वापरतो. हे चक्र गॅरेजवाल्यांनीच तोडायचे आहे. एका गल्लीतल्या चार गॅरेजांनी आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या क्लिप-किटची मागणी एकत्र नोंदवली, तर पार्टवाला माल आणतो.

दुसरा प्रश्न मजुरीचा. पॅड बदलण्याची मजुरी गिऱ्हाईक देतो, शोधण्याची देत नाही, म्हणून आपणही शोधत नाही. बिलावर ‘ब्रेक तपासणी’ ही वेगळी ओळ लिहा. झिजलेली क्लिप आणि नवी क्लिप गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवा. फरक डोळ्यांना दिसला की तो पैसे देतो. दुसऱ्यांदा पॅड टाकण्यापेक्षा हे त्याला स्वस्तच पडते.

शेवटचे सांगणे हाताखालच्या मुलांसाठी. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या किंवा नाव नसलेल्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याची धूळ श्वासातून गेली तर अनेक वर्षांनी फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा, तोंडाला मास्क द्या. आणि हाताखालच्या मुलाला नुसता पाना चालवायला शिकवू नका. ट्रायलला शेजारी बसवा, आवाज कुठून येतो ते त्याला आधी सांगू द्या, मग चाक उघडून त्याचे त्यालाच तपासू द्या. असा कानाचा पक्का मुलगा उद्या स्वतःचे गॅरेज टाकेल, तेव्हा आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांचे ब्रेक खात्रीच्या हातात असतील.