फायबर पोस्टला दोष कशाला?



रूट कॅनाल केलेल्या दाताला आधार म्हणून मुळात बसवायच्या फायबर पोस्ट (खुंट्या) निसटतात, म्हणून धातूचीच बरी, हा गेल्या आठवड्यातील पत्राचा निष्कर्ष घाईचा वाटतो. निसटलेली पोस्ट बहुतेकदा पुन्हा चिकटवता येते. ताठ धातूमुळे मूळ उभे चिरले, तर बहुधा दात काढावाच लागतो. कच्चा दुवा असतो तो पोस्ट चिकटवणारे सिमेंट आणि दाताची आतली भिंत यांमधला. रूट कॅनालमध्ये तो धुताना वापरलेल्या हायपोक्लोराइटचा किंवा युजेनॉलचा (लवंगतेलातलेच ते!) अंश उरला, की रेझिन सिमेंट नीट घट्ट होत नाही. मुळाच्या टोकाकडे सिमेंट घट्ट करणाऱ्या दिव्याचा प्रकाशही पुरेसा पोहोचत नाही. तिथे आपोआपही घट्ट होणारे ‘ड्युअल क्युअर’ सिमेंट हवे. पोस्ट टिकावी म्हणून वणी-पुसदच्या रुग्णांनी आधी विचारावे, हिरडीवर सभोवार दोनेक मिलिमीटर निरोगी दात उरलाय का? आपल्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) चघळून झिजलेल्या दाढांत तेवढाही पुष्कळदा नसतो.

— एक दंतवैद्य, यवतमाळ