झेरॉक्स कोणाची, कर्ज कोणाचं?

हॉस्टेलवर चोरी म्हटलं की आपल्याला आठवतात बाथरूमबाहेरच्या चपला, दोरीवरची जीन्स, फार तर चार्जर. रूमला कुलूप लावायची अक्कल फर्स्ट इयरलाच येते. पण आधार आणि पॅनची झेरॉक्स? ती मेसच्या टेबलावर, जुन्या सबमिशनच्या फायलीत, गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर, कुठंही सापडेल. कोणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं, "आपल्याकडं आहे काय राव चोरायला? अकाउंटला तीनशे रुपये!"

आमच्या विंगमधल्या एकाकडेही काही नव्हतं. पुढच्या शिक्षणासाठी लोन काढायला तो बँकेत गेला. वडील शेतातली कामं टाकून सोबत आले होते. साहेबांनी स्क्रीनकडे बघून विचारलं, "आधीची दोन कर्जं थकलीयत, त्यांचं काय?" रक्कम चार-चार हजारांची, मोबाईल अ‍ॅपवरून घेतलेली. याने ते अ‍ॅप कधी पाहिलंसुद्धा नव्हतं! परतीच्या एसटीत वडील एक शब्द बोलले नाहीत. पोराने काहीतरी धंदे केले, असंच त्यांना वाटलं असणार. लोन अडकल्यापेक्षा त्याला ते जास्त लागलं.

यात मेख अशी, की चोराला तुमचे पैसे नकोच असतात, तुमचं नाव हवं असतं. ज्याने कधी कर्ज काढलं नाही त्याची पाटी कोरी असते, म्हणून तर ती त्याच्या कामाची. ढिलाईने तपासणी करणाऱ्या अ‍ॅपवर पॅन तुमचा, फोटो कसाबसा जुळवलेला आणि मोबाईल नंबर मात्र चोराचा. मग ओटीपी त्याला, वसुलीचे फोनही त्यालाच. तुम्हाला कळतं थेट बँकेच्या काउंटरवर. २०२२ च्या फेब्रुवारीत एका हिंदी सिनेअभिनेत्रीने जाहीर तक्रार केली होती, की तिच्या पॅनवर कोणीतरी अवघं २००० रुपयांचं कर्ज उचललं. तिची ही गत, तर आपली काय कथा!

उपाय फार अवघड नाहीत, आळस अवघड आहे. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. दर तीन महिन्यांनी एकीचा काढला तर वर्षभर पहारा राहतो. नावावर किती सिमकार्डं आहेत ते 'संचार साथी'वर दिसतं. आधार द्यायचंच तर मास्क्ड द्यावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि झेरॉक्सवर सही करताना तारीख आणि कशासाठी दिली तेही आडवं लिहावं.

पण सगळा दोष पोरांच्या माथी मारणं मला पटत नाही. हॉस्टेल अ‍ॅडमिशनला आधारच्या दोन प्रती, स्कॉलरशिपला दोन, इंडस्ट्रियल व्हिजिटला पुन्हा एक. एवढी रद्दी शेवटी जाते कुठे, हे ऑफिसात विचारायची सोय नाही. आमच्या सी.आर.ने तर अख्ख्या वर्गाची पॅनकार्डं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवली आणि आम्ही शहाण्यासारखी टाकली! ऑफिसने एकदा घेतलेली प्रत पुन्हा मागू नये, काम झालं की समोर फाडावी आणि नोटीस बोर्डावरच्या यादीत पूर्ण आधार नंबर छापू नये. याला बजेट लागत नाही.

आमच्या मित्राने १९३० वर फोन केला, पोलिसांत तक्रार दिली, कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि क्रेडिट कंपनीलाही लेखी कळवलं. नुसतं क्रेडिट कंपनीला सांगून भागत नाही, कारण कर्ज देणाऱ्याने चूक मान्य केल्याशिवाय ती नोंद बदलत नाही. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून आहे. त्याची नोंद निघाली, लोनही झालं, पण तोवर त्या वर्षीचं अ‍ॅडमिशन हातचं गेलं होतं. नोंद निघाल्याचा रिपोर्ट त्याने प्रिंट काढून घरी नेला. वडिलांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, म्हणे.