आराखडा गावाचा, पण गाव कोठे आहे?

नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुक्यात दसरा-दिवाळी उलटली की डोंगराळ भागातील वाड्या-तांड्यांच्या वाटेला ट्रक व ट्रॅक्टर लागतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीस ऊसतोडीच्या व्यवहारात 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद अवजाराच्या नावाने व्हावी, हे आम्हांला नेहमीच खटकत आले आहे. असे कोयते साखर कारखान्यांच्या फडांवर जातात, ते फाल्गुन-चैत्रात परततात. आणि नेमक्या याच दिवसांत ग्रामपंचायतीत गावाचा पुढील वर्षाचा विकास आराखडा तयार होत असतो.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली, तेव्हा गावाने स्वतःचे नियोजन स्वतः करावे ही अपेक्षा कायद्यात उतरली. मात्र हाती पैसा आला तो २०१५ पासून. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि राज्यात 'आमचं गाव, आमचा विकास' हा उपक्रम सुरू झाला. २०१८ साली केंद्राने 'सबकी योजना, सबका विकास' ही मोहीम आणली. तिचा आरंभ २ ऑक्टोबरला होतो व पुढील दोन-तीन महिने ती चालते.

या नियोजनासाठी जी साधने सांगितली आहेत, ती उत्तम आहेत. शिवारफेरी काढावी, जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा रेखावा, कोणाकडे काय आहे व काय नाही ते लोकांनीच मांडावे. रॉबर्ट चेंबर्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात या पद्धतीचा जगभर पुरस्कार केला. तिचे मर्म एवढेच, की खडू साहेबाच्या हातून गावकऱ्याच्या हाती जावा. सरकारी नकाशात हातपंप म्हणजे एक ठिपका. तोच नकाशा तांड्यावरील स्त्रिया काढू लागल्या, तर तो हातपंप कोणत्या महिन्यात आटतो, मग कोणाच्या विहिरीवर जावे लागते आणि तेथे कोण पाणी भरू देत नाही, हेही त्यात उमटते.

याच साधनांपैकी एक आहे हंगामी दिनदर्शिका. बारा महिन्यांची बारा घरे आखायची आणि काम, कर्ज, आजारपण, पाणी, स्थलांतर यांसाठी प्रत्येक घरात ज्वारीचे दाणे कमी-अधिक ठेवायचे. कंधारच्या एखाद्या तांड्यावर हा तक्ता प्रामाणिकपणे मांडला, तर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत गावात कोण नसते हे त्यात स्वच्छ दिसेल. म्हणजे आराखड्याची वेळ चुकीची आहे, हे आराखड्याचेच साधन सांगते!

यात कायद्याचा भंग होत नाही, हे विशेष. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. सभा तहकूब झाल्यास नंतरच्या सभेला तेवढीही लागत नाही. ऊसतोडीला गेलेल्यांच्या अनुपस्थितीत आराखडा रीतसर मंजूर होऊ शकतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के अनुदान पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवले होते. उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या कुटुंबांना सर्वांत आधी लागते ते पाणीच. पण ते कोठे हवे हे सांगायला ती कुटुंबे सभेत नव्हती.

शेजारच्या लातूर जिल्ह्याने या बाबतीत एक धडा घालून दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जेथे जुनीच घरे दुरुस्त करावयाची होती, त्या गावांत स्थानिक स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमून शासन व घरमालक यांच्यामध्ये उभे करण्यात आले. त्या बाहेरून आलेल्या नव्हत्या. घराघरांत त्यांचे येणे-जाणे होते.

कंधारातही श्रावण-भाद्रपदात, तांडा घरी असताना, शिवारफेरी व नकाशा उरकण्यास कोणतीही आडकाठी नाही. १५ ऑगस्टची ग्रामसभा त्याच सुमारास असते, आणि ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. खेड्यांत काम करणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील कार्यकर्त्यांनी व धर्मभगिनींनी बचत गटांना हाताशी धरून हे काम आधी करून घ्यावे, असे आम्ही सुचवितो. लोकांनी काढलेला नकाशा व दाण्यांचा तक्ता कागदावर उतरवून, सह्या-अंगठ्यांसह ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. २ ऑक्टोबरनंतर चर्चा सुरू होईल, तेव्हा तो कागद टेबलावर असेल. ज्यांनी तो काढला ती माणसे त्या वेळी कोठल्याशा फडात मोळ्या बांधत असली तरी.