बुधवारच्या संध्याकाळचं गिऱ्हाईक

गिरगावात पिझ्झ्याचं एखादं नवं दुकान उघडलं आणि त्याचा बोलबाला झाला, की पंधरवड्याच्या आत फणसवाडीपासून ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत मतं विभागली जातात. काहींना तो शहरातला सर्वांत चांगला पिझ्झा वाटतो आणि त्यासाठी फुटपाथवर तासभर ताटकळायचीही त्यांची तयारी असते. काही जण म्हणतात, कडा करपलेल्या, मध्ये ओलसर राहिलेल्या या पोळीला एवढे पैसे मोजायचे कशाला, खरा पिझ्झा असा नसतोच. आणि चाळीच्या गॅलरीतून हमखास येणारं एक मत असं असतं की इथे मिसळ, थालीपीठ मिळायचं तेच बरं होतं, हे परकं खाणं आपल्या वाडीत हवंच कशाला. ही सगळी मतं मनापासूनची आहेत, त्यांना हसण्याचं कारण नाही. पण दुकान जोखायला त्यांनी हाती घेतलेली मापं चुकीची आहेत, असं माझं म्हणणं आहे. खाण्याचं दुकान वस्तीचं होतं ते पहिल्या आठवड्यातल्या चवीच्या निकालावर होत नाही आणि पदार्थाच्या जन्मगावावरूनही होत नाही. ते तिथे पंधरा-वीस वर्षं टिकलं आणि आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी शेजारच्या माणसाला तिथे सहज जाऊन बसता आलं, तर ते वस्तीचं होतं. आज गिरगावात मिळेनासा झाला आहे तो नेमका हा काळ.

आधी परकेपणाचं बघू. ज्या पावावर आज मुंबईकर मराठी माणूस हक्क सांगतो, तो पाव एकेकाळी धर्म बुडवणारा पदार्थ होता. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. जातिबंधन तोडल्याचा तो पुरावा होता, आणि हे सगळं गुप्तपणे चाले. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं समोर आली म्हणून केवढं वादळ उठलं, हे सर्वांना ठाऊक आहे. टिळक आणि रानडे या दोघांनाही त्या चहाच्या प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाही. नंतर शतकही उलटलं नाही, तोच दादर स्टेशनबाहेर वडा आणि पाव एकत्र आले. त्याचं श्रेय बहुतेक जण १९६६ साली गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना देतात. पाव पोर्तुगिजांकडून आलेला, आतला बटाटाही समुद्रापलीकडचा, आणि तरी वडापाव ही मराठी अस्मितेची खूण ठरली. हे काही कोणी ठराव करून घडवलं नाही. स्वस्त होता, रोज मिळत होता, हातात धरून लोकल गाठता येत होती, एवढ्यावर ते झालं.

ज्या रस्त्यावर गिरगाव वसलं आहे त्याच जगन्नाथ शंकरशेट रस्त्याच्या धोबीतलावच्या टोकाला १९०४ पासून कयानी आणि कंपनी उभी आहे. इराणी आले, ब्रून मस्का आणि पानी कम चहा घेऊन बसले आणि गिऱ्हाइकाला तासन् तास बसू दिलं. फणसवाडीच्या नाक्यावरचं विनय हेल्थ होम १९४० सालचं. त्याच्या मिसळीसाठी आज लांबून लोक येतात, पण आजूबाजूच्या बिऱ्हाडांनी वर्षानुवर्षं तिथे खाल्लं म्हणून ते इथवर आलं. उडुपी हॉटेलांचंही तेच. १९६६ नंतरच्या दाक्षिणात्यविरोधी आंदोलनांत ज्यांच्या काचा फुटल्या, त्यांच्याकडची इडली आज गिरगावातल्या कुठल्याही घरात परकी मानली जात नाही. फणसवाडीत तर दाक्षिणात्य धाटणीचं व्यंकटेशाचं देऊळ जवळजवळ शंभर वर्षं नांदतं आहे. आणि पिझ्झा तरी किती नवा? परदेशी साखळ्या १९९६ साली भारतात आल्या. त्यानंतर पाहता पाहता सँडविचवाल्याने बेकरीतला तयार पाव तव्यावर ठेवला, वर केचप, सिमला मिरची आणि मूठभर किसलेलं चीज घातलं, झाकण मारलं आणि कांदा-लसूण न घालता जैन पिझ्झाही देऊ लागला.

आता ‘खरा पिझ्झा’ मागणाऱ्यांचं बघू. नेपल्समध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या संघटनेने अस्सल पिझ्झ्याचे नियम लिहून ठेवले आहेत. कणीक कशाची, व्यास किती, भट्टीचं तापमान सव्वाचारशे अंशांच्या वर किती, आणि पिझ्झा भट्टीत साठ ते नव्वद सेकंदच ठेवायचा. या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोची मान्यताही मिळाली. एवढ्या आचेत कडेला काळे फोड येतात आणि मधला भाग मऊ, ओलसर राहतो. तेव्हा ज्याला आपण करपलेलं आणि कच्चं म्हणतो, ते त्या पद्धतीत बरोबर असतं. पण म्हणून गिरगावच्या गिऱ्हाइकाने ते गोड मानून घ्यावं असं मुळीच नाही. नेपल्सचा पिझ्झा नेपल्सच्या गरिबांसाठी जन्मला. तो तुकड्यांनी रस्त्यावर विकला जाई, आणि आज खा, आठ दिवसांनी पैसे दे, अशी उधारीही चाले. आपल्या गिरणगावातल्या खानावळींत महिन्याच्या खात्यावर, खाडे वजा करून जेवणाऱ्या कामगाराला ही रीत लगेच कळली असती. म्हणजे ज्याला अस्सलपणाच पाळायचा आहे, त्याने भट्टीच्या तापमानाबरोबर हा हिशेबही पाळायला हवा. लाकडावरच्या भट्टीचा हट्ट तर सोडूनच द्यावा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. त्याचा भार मात्र नव्या दुकानापेक्षा आपला पाव भाजणाऱ्या जुन्या बेकरीवर जास्त पडला. नवं दुकान पहिल्यापासून विजेची भट्टी आणून बसवतं.

गाजावाजा झालेल्या पिझ्झ्याच्या दुकानाची सर्वांत जुनी म्हणावी अशी एक हकिगत माटिल्डे सेराओ या इटालियन लेखिकेने १८८४ साली लिहून ठेवली आहे. नेपल्सच्या एका धंदेवाल्याने रोममध्ये पिझ्झ्याचं दुकान काढलं. सुरुवातीला नवलाईने झुंबड उडाली, मग गर्दी ओसरली आणि धंदा बसला. आपल्या गावाबाहेर हा पदार्थ लोकांना विजोड वाटला. आज त्याच रोममध्ये गल्लोगल्ली पिझ्झा मिळतो. तेव्हा पहिली झुंबड खोटी ठरली आणि पहिला नकारही खोटा ठरला. पिझ्झ्याची कणीक आठ तास, कधी चोवीस तास मुरावी लागते. उद्या किती गोळे लागतील याचा अंदाज आज बांधायचा असतो. दारात अचानक तिप्पट माणसं उभी राहिली की एक तर गोळे संपतात, नाही तर अर्धवट मुरलेले गोळे भट्टीत जातात आणि गिऱ्हाइकाच्या पोटाला ते कळतं. म्हणून उद्घाटनाच्या महिन्यात दिलेला निकाल, स्तुतीचा असो की निंदेचा, त्या दुकानाबद्दल फार थोडं सांगतो.

यावर कोणी म्हणेल, मग गाजावाजा करतात तरी कशाला? त्याचं उत्तर मालकाच्या स्वभावात कमी आणि जागेच्या भाड्यात जास्त आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी साधारण सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. त्याने घरमालक खचले, इमारतींची डागडुजी थांबली, चाळी टेकूवर आल्या. हे नुकसान खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच कायद्याने लहान दुकानदाराला काळ दिला. वाईट वर्ष आलं तरी गाळा हातचा जात नव्हता. १९९९ च्या नव्या कायद्याने एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा-भांडवलाच्या कंपन्यांना या संरक्षणातून वगळलं आणि पागडीला कायद्यात जागा दिली. आज नवा माणूस गिरगावात गाळा घेतो तो बहुधा काही वर्षांच्या लीव्ह अँड लायसन्सवर, बाजारभावाने, दरवर्षी वाढणाऱ्या रकमेला. त्याला वीस वर्षं थांबून वस्तीचं होण्याची सवड नसते. पहिल्याच वर्षी भाडं, भट्टी आणि सजावट वसूल करायची, तर परळ-लोअर परळहून, बांद्र्याहून गिऱ्हाईक आणावं लागतं, आणि त्यासाठी बोलबाला लागतोच. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन सुरू झाल्यावर ही बाहेरची गर्दी आणणं सोपं झालं आहे. त्याबरोबर गाळ्यांचे भावही चढतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

सगळ्यात वजनदार आक्षेप मराठी खानपानगृहांचा. खोताच्या वाडीतला अनंताश्रम गेला, अशी किती नावं घ्यावीत, आणि तुम्ही पिझ्झ्याची बाजू घेता? हे दुःख मला पूर्णपणे मान्य आहे. मराठी माणसाच्या जेवणाची ती घरं जायला नको होती. पण त्यांच्या जागी पिझ्झा आला म्हणून ती गेली, असं दाखवून द्यायला आधार सापडत नाही. पुढची पिढी पहाटे पाचला भट्टी पेटवायला तयार नसते, आचारी मिळत नाहीत, थाळीचा भाव वाढवला तर नेहमीचा माणूस तुटतो आणि नाही वाढवला तर गल्ला रिकामा राहतो, इमारत पाडायला निघते. या कारणांवर पिझ्झेवाल्याला हाकलून इलाज होणार नाही. रिकाम्या झालेल्या गाळ्यात तो आला नाही तर मोबाइलचं दुकान किंवा दागिन्यांची पेढी येईल, आणि तिथे चहा प्यायला कोणी बसू शकणार नाही.

चव ही चव असते, वस्तीच्या नावाखाली वाईट अन्न खपवू नका, असंही म्हणता येईल. मी तरी कुठे खपवा म्हणतो? निकाल सहा महिन्यांनी द्या आणि एखाद्या बुधवारी संध्याकाळी जाऊन द्या. तेव्हा तिथे आसपासची किती माणसं बसली आहेत ते बघा. पेन्शनर जोडप्याने एकच छोटा पिझ्झा मागवून दोघांत खाल्ला तर वेटर बिल आणून त्यांना उठवतो का, कॉलेजच्या पोराला खिशातल्या पैशात एखादा तुकडा मिळतो का, आणि चातुर्मासात शेजारच्या जैन कुटुंबासाठी काही असतं का, हे बघा. या कसोटीला नेपल्सचं प्रमाणपत्र लागत नाही. आणि या कसोटीवर एखादं मराठी उपाहारगृह नापास झालं, तर त्यालाही आपलेपणाची सूट देऊ नये.

पण गिऱ्हाईक चांगलं वागलं, एवढ्यावर भागणार नाही. गिरगावच्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात जुन्या गाळेधारकाला त्याच्याइतकी जागा द्यावी लागते. बाकीचे तळमजल्यावरचे गाळे बिल्डर जास्तीत जास्त भाव देणाऱ्याला विकतो. त्यातले निदान दोन-तीन गाळे खाण्याच्या छोट्या दुकानांसाठी राखून ते पंधरा वर्षांच्या कराराने आणि मर्यादित भाडेवाढीने द्यायचे, ही अट रहिवाशांनी घालायला हवी. महापालिका आणि म्हाडाने तिला नियमाचं बळ दिलं तर उत्तमच, पण त्यांची वाट बघत बसू नये. सह्यांच्या आधी होणाऱ्या सभेत खोलीचे चौरस फूट, कॉर्पस आणि पार्किंग यांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालते. तळमजल्यावर कोण येणार, किती वर्षांसाठी आणि कोणत्या भाड्याने, हा प्रश्न त्याच सभेत, बिल्डर समोर बसलेला असताना विचारायचा असतो.